रडार-चित्रें व टॉर्नेडोचीं वादळें : साधनचिकित्सेचा एक प्रसंग

ता. ९ एप्रिल १९५३ रोजीं अमेरिकेच्या इलिनॉय राज्यांत, शॅम्पेन शहराच्या दक्षिणेस असलेल्या विद्यापीठाच्या विमानतळावर एक रडार-यंत्र चालू होतें. यंत्र त्या राज्याच्या जल-सर्वेक्षण खात्याचें. पाऊस किती पडला हें रडारच्या साहाय्यानें कितपत अजमावितां येतें, एवढ्याच शोधासाठीं तें तेथें बसविलेलें होतें. टॉर्नेडोशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. डॉनल्ड स्टॅग्ज नांवाचे अभियंते त्या वेळीं यंत्राची दुरुस्ती व चाचणी करीत होते. एका वादळाची आकृति त्यांस निराळी वाटली, म्हणून त्यांनीं पडद्याचीं छायाचित्रें घेणारा कॅमेरा चालूच ठेविला. त्या फितीवर वादळाच्या नैर्ऋत्य अंगास प्रथम एक लहानसा फांटा फुटलेला दिसतो. पुढें तो लांबतो, वळतो, आणि शेवटीं माहुताच्या हातांतील अंकुशासारखा दिसूं लागतो. पडद्यावर जेथें हा अंकुश होता तेथेंच जमिनीवर त्या वेळीं टॉर्नेडो चालला होता. टॉर्नेडो उत्पन्न होत असतां त्याच्या जनक वादळाचें असें क्रमवार अंकुश-चित्र मिळाल्याचा हा पहिला प्रसंग होय, असें त्या शास्त्रांतील लोक मानितात.

हा विषय ऐतिहासिक त्रैमासिकांत कां, असें वाचक विचारतील. आमचें कारण असें. आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें आणि फावल्या वेळीं जुन्या दप्तरांत बसलों. तेथें जो एक नियम अंगीं बाणला तो हा कीं, घटनेच्या वेळीं, घटनेच्या जागीं, आणि पुढें कोणास कांहीं पटवावयाचें आहे असा हेतु मनांत न धरितां लिहिलेला कागद सर्वांत मोलाचा. दाणावैरणीचा हिशेब लिहिणारा कारकून लढाईविषयीं खोटें बोलण्याच्या भानगडींत सहसा पडत नाहीं, बखरकार पडतो. शॅम्पेनची फीत ही अशी हिशेबाची वही आहे. परंतु हिशेबाच्या वहीवरूनहि मागाहून वाचणारा भलतें अनुमान काढूं शकतो, आणि रडार-चित्रांच्या वाचनांत तें घडलेंहि आहे. तीं चित्रें कोणीं कशीं वाचलीं, वाचतांना काय साधलें व कोठें चुकलें, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे. त्यामागील गणिताच्या वाटेस आम्ही जाणार नाहीं.

प्रथम शब्दांविषयीं. मराठी वर्तमानपत्रांत 'चक्रीवादळ' हा शब्द समुद्रांत उठणाऱ्या, शेंकडों मैल विस्ताराच्या वादळास लावितात. टॉर्नेडो तें नव्हे. चैत्र-वैशाखांत आपल्या माळरानावर धूळ व पाचोळा उडवीत जी वावटळ फिरते तीहि टॉर्नेडो नव्हे, कारण ती तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला डोक्यावर ढग लागत नाहीं. टॉर्नेडोस मेघ लागतो. गर्जणाऱ्या प्रचंड मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोंचलेला, अतिवेगानें फिरणारा वाऱ्याचा स्तंभ, हें त्याचें लक्षण. त्याची रुंदी बहुधा कांहीं शें फूट आणि आयुष्य बहुधा कांहीं मिनिटें. संस्कृतांत 'वात्या' असा एक सुंदर शब्द आहे. पाणिनीच्या समूहार्थी प्रत्ययानें तो सिद्ध होतो, म्हणजे वात्या हा वाऱ्यांचा समुदाय. शब्द वापरण्याचा मोह आम्हांस झाला होता, परंतु त्यानें मराठी वाचकास धुळीच्या वावटळीचाच बोध होईल, म्हणून टॉर्नेडो हाच शब्द ठेविला आहे.

रडारपूर्व काळांत टॉर्नेडोविषयीं जें ज्ञान होतें तें बहुतेक सारें घटनेनंतर गोळा केलेलें. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल खात्यांतील जॉन पार्क फिन्ले यांनीं १८७९ च्या मे महिन्यांत कॅन्सस व शेजारच्या प्रदेशांत झालेल्या टॉर्नेडोंच्या मागोमाग फिरून, पडझडीची पाहणी करून व लोकांच्या जबान्या घेऊन अहवाल तयार केला. पुढें सहाशें टॉर्नेडोंचा वृत्तांत एकत्र केला, आणि १८८४ सालीं प्रयोगादाखल भाकितेंहि करून पाहिलीं. परंतु लोक घाबरून जातील या भीतीनें 'टॉर्नेडो' हा शब्दच सरकारी भाकितांतून वर्ज्य करण्यांत आला, व तो निर्बंध १९३८ पर्यंत टिकला. ज्याचें नांव घेण्यास बंदी, त्याचा अभ्यास कोण करणार? दोन पिढ्या फुकट गेल्या असें आम्हांस वाटतें.

ता. २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर येथील लष्करी विमानतळावर टॉर्नेडो आला व विमानांचा चुराडा झाला. तेथील फॉबुश व मिलर या दोन हवामान-अधिकाऱ्यांस त्याचीं कारणें शोधण्याचा हुकूम झाला. पांच दिवसांनीं, २५ मार्च रोजीं, हवेची स्थिति पुनः तशीच दिसतांच त्यांनीं टॉर्नेडोचें भाकीत केलें, आणि त्याच सायंकाळीं टॉर्नेडो त्याच तळावर दुसऱ्यांदा आला. वादळांची रांग चाल करून येत असलेली त्यांस त्या दिवशीं रडारवर दिसत होती. रांगेंतील कोणतें वादळ टॉर्नेडो प्रसवणार, हें मात्र रडारवरून सांगतां येत नव्हतें. पडद्यावर अक्षरें होतीं. त्यांची लिपि कोणास ठाऊक नव्हती.

या लिपीचें स्वरूप थोडें सांगणें अवश्य आहे. रडार हें युद्धाचें अपत्य. शत्रूचीं विमानें हेरण्यासाठीं सोडलेल्या सूक्ष्म विद्युल्लहरी पावसाच्या थेंबांवरूनहि परततात हें दुसऱ्या महायुद्धांत यंत्र चालविणाऱ्यांच्या ध्यानीं आलें, आणि त्यांस तो उपद्रव वाटला. युद्ध संपल्यावर उपद्रवाचेंच साधन झालें. यंत्रांतून लहरींचा झोत निघतो, थेंबांवर आदळून त्याचा अल्पसा अंश परत येतो. लागलेल्या वेळावरून अंतर कळतें व झोताच्या रोखावरून दिशा. परतलेल्या अंशाचें बळ थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणें वाढतें, म्हणजे थेंब दुप्पट जाड असला तर प्रतिध्वनि चौसष्टपट. यामुळें मोठे थेंब व गारा पडद्यावर ठळक उमटतात, मेघांतील बारीक तुषार जवळजवळ उमटत नाहींत, आणि वारा तर साध्या रडारला मुळींच दिसत नाहीं. टॉर्नेडो हा वारा आहे. तेव्हां १९५३ च्या फितींत टॉर्नेडो दिसतो असें जें लोक बोलून जातात तें बरोबर नाहीं. तेथें दिसतो तो पाऊस, आणि तो पाऊस कशानें तरी वळविलेला दिसतो, इतकेंच.

जल-सर्वेक्षणाच्या स्टाउट व हफ यांनीं त्याच वर्षीं फितीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढील वर्षीं हफ, हायझर व बिगलर यांनीं रडार-चित्रें, हवेचे नकाशे आणि जमिनीवरील नुकसानीची पाहणी या तिहींचा मेळ घालून सविस्तर अहवाल दिला. एका साधनावर न विसंबतां तीन साधनें ताडून पाहण्याची ही रीति आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. मात्र फितीचा अर्थ खोलवर लावला तो तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञानें.

फुजिता यांनीं १९४७ सालीं क्यूशू बेटांतील सेफुरी पर्वतावरील हवामान-ठाण्याच्या वेधांवरून मेघगर्जनेच्या वादळाविषयीं संशोधन केलें होतें. त्याच पर्वतावर अमेरिकन सैन्याचें रडार-ठाणें होतें. तेथील केरांत शिकागोचे प्राध्यापक होरेस बायर्स यांचा, अशाच वादळांवरील एक निबंध टाकून दिलेला सांपडला व तो फुजितांच्या हातीं आला. त्यांनीं आपलें संशोधन बायर्स यांस पाठविलें. बायर्स यांनीं त्यांस बोलाविलें. आणि १९५३ सालीं ते शिकागोस गेले. कै. राजवाड्यांनीं दप्तरें कोठकोठून वांचविलीं हें येथें सांगावयास नको. केर कोणता व कागद कोणता हें ज्याच्या हातीं तो पडतो त्याच्यावर अवलंबून असतें.

१९५८ सालीं फुजिता यांनीं शॅम्पेनच्या फितीवर आपला निबंध प्रसिद्ध केला. एकामागून एक चित्रें लावून त्यांनीं अंकुश कसा फिरतो हें बारकाईनें पाहिलें. निष्कर्ष असा कीं, टॉर्नेडोपेक्षां कितीतरी मोठा असा एक भोंवरा वादळाच्या पोटांत असतो. तो पावसाच्या पडद्याचा पदर ओढून आपल्याभोंवतीं गुंडाळून घेतो, आणि टॉर्नेडो त्या भोंवऱ्यांत जन्मतो. अंकुश म्हणजे टॉर्नेडो नव्हे, टॉर्नेडोच्या आश्रयदात्याच्या हालचालीची ती खूण आहे. पत्रांत पेशव्याचें नांव नसावें, पण कोणता सरदार कोणत्या वाटेनें वळला एवढेंच असावें, आणि त्यावरून पेशव्याचा मुक्काम काढावा, तशांतला हा प्रकार आहे.

या वाचनाचा व्यवहारांत उपयोग लवकरच झाला, व त्यास निकडहि होती. १९५३ हें साल अमेरिकेस फार वाईट गेलें. ११ मे रोजीं टेक्ससमधील वेको येथें ११४, ८ जून रोजीं मिशिगनमधील फ्लिंटजवळ ११६, आणि दुसऱ्याच दिवशीं मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या बाजूस ९४ माणसें टॉर्नेडोंत मरण पावलीं. इलिनॉयच्या अहवालाच्या लेखकांपैकीं स्टुअर्ट बिगलर हे पुढें टेक्ससच्या कृषि व यांत्रिकी महाविद्यालयांत रडारवर काम करूं लागले. ता. ५ एप्रिल १९५६ रोजीं त्यांस आपल्या पडद्यावर अंकुश दिसला. त्यांनीं तो तत्काळ ओळखून इशारा दिला, आणि धोका टळेपर्यंत शाळांतील मुलांस घरीं सोडूं नये असें कळविण्यांत आलें. रडारवरील अंकुश वाचून दिलेला टॉर्नेडोचा हा पहिला इशारा समजतात. आम्ही जन्मभर शाळेची घंटा ऐकत आलों. मुलें दप्तरें आवरून दाराशीं उभीं असतां त्यांस पुनः बाकांवर बसवावयाचें, आणि तेंहि दूर कोणाच्या पडद्यावरील एका वांकड्या रेघेवर विश्वास ठेवून, हें किती कठीण आहे याची कल्पना आम्हांस करितां येते.

कारण अंकुश ही खूण बिनचूक नाहीं. अंकुश दिसूनहि टॉर्नेडो न झाल्याचीं व अंकुश न दिसतां टॉर्नेडो झाल्याचीं उदाहरणें पुढें पुष्कळ सांपडलीं. वादळाची आंतील रचना कळल्याशिवाय नुसत्या बाह्याकृतीवर विसंबणें धोक्याचें होतें.

ती रचना उलगडली इंग्लंडांत, आणि आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत सुंदर अनुमान तेंच होय. ता. ९ जुलै १९५९ रोजीं वोकिंगहॅम गांवावरून गारांचें एक भयंकर वादळ गेलें. त्याचे वेध अनेक रडारांनीं घेतले होते. ते कीथ ब्राउनिंग व फ्रँक लडलम यांनीं १९६२ सालीं उकलून प्रसिद्ध केले. वादळ उभें चिरल्यासारखा छेद मांडला असतां त्यांस एक विलक्षण गोष्ट दिसली. सर्वांत दाट प्रतिध्वनीच्या शेजारींच, तळापासून मेघांत उंच घुसलेली एक रिकामी पोकळी होती. वर घुमटाप्रमाणें छत, बाजूंस पावसाच्या व गारांच्या भिंती, आणि आंत कांहींच नाहीं. एखाद्या देवळाचा गाभारा असावा तशी. घाईनें वाचणारा म्हणाला असता कीं तेथें वादळ नाहीं. ब्राउनिंग व लडलम यांचें म्हणणें असें कीं वादळाचा प्राण तेथेंच आहे. त्या वाटेनें हवा इतक्या वेगानें वर चढते कीं तिच्यांतील तुषारांस मोठे थेंब होण्यास अवकाशच मिळत नाहीं, आणि तुषार रडारला दिसत नाहींत. वाढ होते ती पार वर गेल्यावर, म्हणून छत ठळक आणि गाभारा रिकामा.

जुन्या दप्तरांत बसणाऱ्यांस हा प्रसंग ओळखीचा वाटेल. एखाद्या घराण्याच्या रुमालांत सर्व सालांचीं पत्रें असावींत आणि नेमक्या दोन सालांचीं नसावींत, तर त्या दोन सालांत कांहीं घडलें नाहीं असें आपण म्हणत नाहीं. तथापि मौनावरून अनुमान काढणें हें फार जपून करण्याचें काम आहे. भोंवतालचे कागद पक्के असले तरच तें करावें. येथें पोकळीच्या भिंती व छत एकाहून अधिक रडारांनीं निश्चित केलेलीं होतीं, म्हणून अनुमान टिकलें. १९६३ सालीं ब्राउनिंग व डॉनल्डसन यांनीं ओक्लाहोमांतील गियरी येथील ता. ४ मे १९६१ च्या टॉर्नेडो-वादळाचे वेध तपासले, तों तेथेंहि तीच रचना निघाली. अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या, एकसंध, फिरत्या वादळांस ब्राउनिंग यांनीं 'सुपरसेल' हें नांव दिलें व तेंच रूढ झालें आहे.

आतांपर्यंतचें सर्व वाचन पावसाच्या आकृतीवरून होतें. वाऱ्याचा वेग स्वतः मोजण्याची सोय डॉप्लर रडारनें झाली. ख्रिश्चन डॉप्लर यांनीं १८४२ सालीं सांगितलेलें तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी व गेलेल्या गाडीची उतरती ऐकूं येते तें त्याचेंच उदाहरण. तोच भेद परत आलेल्या लहरींत मोजला कीं थेंब रडारकडे येत आहेत कीं रडारपासून जात आहेत, आणि किती वेगानें, हें कळतें. ता. १० जून १९५८ रोजीं कॅन्ससमधील एल् डोरॅडो येथील टॉर्नेडोवर अशा एका रडारचा झोत पडला व वाऱ्याचा वेग ताशीं २०६ मैल निघाला. पण त्या यंत्रास वेग कळे, अंतर कळत नसे.

ओक्लाहोमांतील नॉर्मन येथें १९६४ सालीं उग्र वादळांच्या अभ्यासाची राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली. लष्करानें काढून टाकलेल्या एका रडारवरून तेथें वेग व अंतर दोन्ही सांगणारें, १० सेंटिमीटर लहरींचें डॉप्लर रडार तयार करण्यांत आलें. ता. २४ मे १९७३ रोजीं नॉर्मनच्या पश्चिमेस असलेल्या युनियन सिटी या लहानशा गांवास टॉर्नेडोनें उद्ध्वस्त केलें. वादळांचा पाठलाग करून वेध घेणाऱ्या मंडळींनीं त्या टॉर्नेडोचें जन्मापासून अंतापर्यंत चित्रण केलें, आणि त्याच वेळीं नॉर्मनच्या रडारच्या वेगनोंदी चुंबकीय फितीवर उतरत होत्या. त्या नोंदींत काय होतें हें मागाहून, फीत वाचतांना कळलें. अगदीं शेजारशेजारच्या दोन बिंदूंवर वेग एकदम उलट झालेला होता. एकीकडे रडारच्या रोखानें, दुसरीकडे रडारच्या विरुद्ध. रॉजर ब्राउन, डॉन बर्जेस, लेस लेमन व त्यांचे सहकारी यांनीं ही टॉर्नेडोची खूण म्हणून ओळखली. तिच्या इंग्रजी नांवाचा अर्थ आम्ही 'टॉर्नेडोची मुद्रा' असा करितों, कारण जुन्या पत्रांवर मुद्रा पाहूनच आपण पत्र कोणाचें तें ठरवितों. ही मुद्रा प्रथम मेघाच्या मधल्या उंचीवर उमटली. टॉर्नेडो जमिनीस टेकण्यास तेव्हां बराच अवकाश होता. मग ती खालीं उतरत आली, आणि टॉर्नेडो संपतांच सर्व उंचींवरून नाहींशी झाली. चित्रण व वेगनोंद या दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींस जुळल्या.

यानंतरचा व्यवहाराचा भाग थोडक्यांत सांगतों. १९७७ ते १९७९ या वर्षांत ओक्लाहोमांत संयुक्त प्रयोग झाला. डॉप्लरच्या योगें इशारा सरासरी सुमारें वीस मिनिटें आधीं देतां येतो असें त्यांत दिसलें. त्यावरून १९९० च्या दशकांत अमेरिकाभर सुमारें १६० डॉप्लर रडारांचें जाळें उभारण्यांत आलें. सिमन्स व सटर या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं हिशेब मांडला तो असा कीं, रडार बसल्यानंतर टॉर्नेडोंतील मृत्यूंची अपेक्षित संख्या शेंकडा ४५ नें व जखमींची शेंकडा ४० नें कमी झाली. कोणत्याहि साधनाच्या वाचनास इतकें रोख फळ आल्याचें आम्हांस दुसरें उदाहरण आठवत नाहीं.

एका प्रसंगीं मात्र रडारला टॉर्नेडो जवळजवळ प्रत्यक्ष दिसतो, तेंहि येथें नमूद करावें. ता. ३ मे १९९९ रोजीं ओक्लाहोमांतील ब्रिज क्रीक व मूर या गांवांवरून गेलेल्या टॉर्नेडोनें ३६ बळी घेतले. जोशुआ वर्मन यांच्या मोटारीवर बसविलेल्या फिरत्या रडारनें त्यांतील वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ३०० मैल मोजला. त्याच दिवशींच्या दुसऱ्या एका रडारच्या नोंदी रिझकोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें तपासल्या. त्या रडारच्या लहरी आडव्या व उभ्या अशा दोन प्रकारच्या होत्या. पावसाचे थेंब सारे एकजात, म्हणून दोन्ही लहरींचे प्रतिध्वनि एकमेकांशीं जुळतात. पण पत्रे, फळ्या, फांद्या असा वेडावांकडा माल हवेंत उडाला कीं तो मेळ मोडतो. तो मोडला कीं टॉर्नेडो जमिनीवर आहे याची शंका उरत नाहीं. मात्र ती खात्री पटते तेव्हां कोणाचें तरी घर गेलेलें असतें.

आतां चुकीकडे वळूं. युनियन सिटीच्या मुद्रेवरून असा समज दृढ झाला कीं, टॉर्नेडोचा भोंवरा वर मेघांत तयार होतो व तेथून जमिनीकडे उतरतो. पुस्तकांतून तो पुष्कळ वर्षें शिकविला गेला, आणि इशारे देणाऱ्यांची सारी मदार त्यावर राहिली, कारण वरची खूण आधीं दिसते म्हणूनच वेळ मिळतो. एका फितीपुरतें हें वाचन शुद्ध होतें. पुढें जाळ्यांतील रडारांच्या नोंदी ट्रॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं तपासल्या, तों मुद्रा वरून खालीं उतरल्याचे प्रसंग सुमारें निम्मेच भरले. उरलेल्यांत ती खालीं व वर जवळजवळ एकाच वेळीं उमटली होती. २००५ सालीं त्यांनींच दुसरी गोष्ट दाखविली. मेघांतील मोठा भोंवरा रडारवर ओळखला गेला, तरी त्यांपैकीं शेंकडा २६ प्रसंगींच टॉर्नेडो झाला. पूर्वीं हें प्रमाण पुष्कळच अधिक समजत असत. या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत दिलेल्या इशाऱ्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश फुकट जात होते, त्याचें एक कारण यांत आहे. दर वेळीं तळघरांत उतरून कांहीं न घडतां वर येणारा माणूस पांचव्या वेळीं उतरेल काय, हा प्रश्न रडारच्या पलीकडचा आहे, पण तो सुटल्याखेरीज रडारच्या श्रमांचें चीज होत नाहीं.

चूक कां झाली हें पाहण्यासारखें आहे. रडारचा झोत सरळ जातो व पृथ्वी खालीं वळते. अर्ध्या अंशानें उचललेल्या झोताचा मध्य १०० किलोमीटरांवर जमिनीपासून सुमारें दीड किलोमीटर उंच असतो, आणि झोत तोंपर्यंत दीड किलोमीटराहून अधिक रुंद झालेला असतो. म्हणजे टॉर्नेडो जेथें घरें पाडतो तो जमिनीलगतचा भाग दूरच्या रडारच्या दृष्टीआड राहतो. साक्षीदार माडीवर उभा होता. अंगणांत काय चाललें हें त्यास दिसत नव्हतें. आणि जें त्यास आधीं दिसलें तेंच आधीं घडलें असें वाचणाऱ्यांनीं धरलें. शिवाय जुनें रडार सर्व उंचींचा एक फेरा पुरा करण्यास कित्येक मिनिटें घेई, आणि टॉर्नेडोचा जन्म त्याहून थोड्या वेळांत आटोपतो.

वर्मन यांचीं फिरतीं रडारें १९९५ पासून टॉर्नेडोच्या जवळ जाऊं लागलीं, आणि पुढें ओक्लाहोमा विद्यापीठानें कांहीं सेकंदांत फेरा पुरा करणारें फिरतें रडार केलें. ता. ३१ मे २०१३ रोजीं एल् रीनो गांवाजवळ झालेल्या टॉर्नेडोचे वेध त्या रडारनें घेतले. जॅना हाउझर यांनीं ते तपासले. लोकांनीं काढलेल्या छायाचित्रांत व चलच्चित्रांत टॉर्नेडो जमिनीस टेकलेला दिसतो, आणि रडारवरून ठरविलेली वेळ मात्र त्यानंतर कांहीं मिनिटांची, असा विरोध त्यांस आढळला. आपल्या शास्त्रांत समकालीन दोन कागदांच्या तारखा जुळल्या नाहींत म्हणजे आपण करतों तेंच त्यांनीं केलें. मूळ नोंदी पुनः काढून अगदीं जमिनीलगतच्या झोतापासून वाचल्या. तेथें परिभ्रमण आधीं होतें, वर तें नंतर पोंचलें. इतर टॉर्नेडोंच्या अशाच जलद नोंदी तपासल्या असतां त्यांतहि वरून खालीं उतरण्याचा क्रम आढळला नाहीं. तेव्हां वीस-वीस मिनिटांची सूचना दर टॉर्नेडोंत वरच्या मुद्रेवरून मिळेल ही आशा आतां धरितां येत नाहीं.

त्या एल् रीनोच्या टॉर्नेडोविषयीं एक वाद राहिला आहे, त्यावर आमचें मत देऊन हा लेख पुरा करितों. त्यांत आठ माणसें मेलीं; टिम समारस हे अनुभवी संशोधक व त्यांचे दोन सोबती यांचा त्यांत अंत झाला. फुजिता यांनींच १९७१ सालीं घालून दिलेल्या व पुढें सुधारलेल्या पद्धतीप्रमाणें टॉर्नेडोची प्रत नुकसानीवरून शून्य ते पांच अशी ठरवितात. फिरत्या रडारांनीं मोजलेल्या वेगांवरून या टॉर्नेडोस पांचवी, म्हणजे सर्वांत वरची, प्रत दिली गेली. ऑगस्ट २०१३ मध्यें ती उतरवून तिसरी केली, कारण टॉर्नेडो बव्हंशीं मोकळ्या रानांतून गेला, पाडण्याजोगीं पक्कीं घरें त्यास थोडींच भेटलीं, आणि नियम नुकसानीचा आहे. नियमाच्या बाजूनें एक सबळ मुद्दा आहे. जुन्या टॉर्नेडोंचीं रडार-मापें नाहींत. नव्यांस निराळी फूटपट्टी लाविली तर जुनी यादी व नवी यादी यांची तुलना होणार नाहीं, आणि टॉर्नेडो वाढले कीं घटले हें कधींच कळणार नाहीं. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच सरकारी नोंदींत या टॉर्नेडोची रुंदी २.६ मैल लिहिली आहे, आणि ती रुंदी रडार-मापांवरून घेतलेली आहे. एकाच साक्षीदाराची जबानी रुंदीपुरती ग्राह्य व वेगापुरती त्याज्य, असा हा निवाडा झाला. अशा वेळीं आम्ही शकावलींत दोन्ही नोंदी आधारांसह शेजारीं शेजारीं देतों. तेथेंहि तसें करण्यास अडचण दिसत नाहीं. तूर्त त्या यादींत एल् रीनोपुढें तिसरी प्रतच लिहिलेली आहे.